न्हाणीघरातला गॅस गिझर: वय नको, धुराला वाट आहे का ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी तोंडावर आली की आमच्या बेळगावातल्या अनगोळमध्ये पोरं किल्ल्यासाठी दगड-माती गोळा करायला लागतात आणि मोठी माणसं न्हाणीघरातला गॅस गिझर ठोकून बघायला लागतात. पावसाळाभर कसाबसा चाललेला तो डबा ऐन नरक चतुर्दशीच्या पहाटे दगा देणार की काय, अशी धास्ती असते. मग घरोघरी एकच विषय. दुरुस्त करून अजून एक हिवाळा रेटायचा, की काढून नवीन बसवायचा? यंदा हा विषय आमच्याही घरी निघाला. सल्ले भरपूर मिळाले, पण जी गोष्ट सगळ्यात आधी बघायला हवी ती कुणीच विचारली नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीतून निवृत्त झालो. सुरुवात मोल्डिंगला, नंतर बरीच वर्षं भट्टीवर. गिझरच्या धंद्याशी माझा काडीचा संबंध नाही; पण आग आणि हवा यांचं कधी जमतं आणि कधी बिनसतं, हे पोटापाण्यासाठी शिकावं लागलं. घरात खाली आम्ही दोघं, धाकटा मुलगा, सून आणि नात. वरच्या मजल्यावर भाडेकरू, गोकाकचं एक तरुण जोडपं. खाली एक गिझर, वर एक. खालचा बारा वर्षांचा, वरचा तसा नवा.

खालच्याची तक्रार अशी की नळ सोडला की तो लगेच पेटायचा नाही. क्षणभर टिक-टिक-टिक, मग भप्प असा आवाज, आणि मग पाणी. कधी कढत, कधी कोमट. मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, ‘मामा, आतली कॉइल तांब्याची हाय. आताच्या मालात असलं तांबं बघायला तरी मिळतंय काय? डायफ्राम आन् सेल बदलतो, अजून चार वर्षं बघायला नको.’ (डायफ्राम म्हणजे पाण्याच्या दाबावर गॅस उघडणारा रबरी पडदा.) दुकानदार म्हणाला, जुना द्या, नव्यावर सूट देतो. थोरला मुलगा पुण्याला असतो. त्याने फोनवर दोन मॉडेलचे फोटो धाडले आणि ‘बाबा, उद्याच येईल’ म्हणाला. आमच्या सौ.चं मत वेगळंच: बंबाच्या पाण्याची सर कशालाच नाही, हे सगळे डबे भंगारात घाला.

वय, तांबं, किंमत, सूट, पाण्याची चव, सगळं निघालं. हा डबा आत जो गॅस जाळतो त्याचा धूर कुठे जातो, हे कुणी विचारलं नाही. गॅसच्या ज्योतीला धूर दिसत नाही, म्हणून तो नसतोच असं आपण धरून चालतो.

आमच्या जुन्या कपोला भट्टीत कोक जळायचा. खालून ब्लोअरची हवा, वरून कोक, चुनखडी आणि कच्चं लोखंड. वरच्या चार्जिंगच्या दारातून कधीकधी फिकट निळ्या ज्वाळा निघायच्या. तो कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू बाहेरची हवा मिळाल्यावर पेटत असायचा. पेटला तर बरं. न पेटता तसाच पसरला तर ना रंग, ना वास. नवीन पोरगं प्लॅटफॉर्मवर चुकीच्या बाजूला उभं राहिलं की थोड्या वेळाने डोकं धरून खाली यायचं, पायात गोळे आल्यासारखं बसकण मारायचं. जुने मिस्त्री त्याला रागावायचे नाहीत. ‘गॅस लागलाय, जा बाहेर मोकळ्यावर बस’ एवढंच म्हणायचे. पुढे विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या आल्या आणि तो त्रास गेला. पण भट्टीवाल्याच्या अंगात एक सवय राहते: कुठेही आग दिसली की आधी वर बघायचं, हिला जायला वाट आहे का.

गॅस गिझरची आग लहान नसते. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा साधा घरगुती गिझर पूर्ण ताकदीवर असताना तासाला पाऊण-एक किलो एलपीजी जाळतो. स्वयंपाकाच्या शेगडीचे तीन-चार मोठे बर्नर एकदम लावले तर जेवढी उष्णता होईल तेवढी. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२-१३ घनमीटर हवा लागते. आता आपलं न्हाणीघर मोजा. चार बाय सहा फूट, उंची आठ फूट, म्हणजे आत हवा सव्वापाच-साडेपाच घनमीटर. दार लावून दहा मिनिटं आंघोळ केली तर गिझरला पावणेदोन घनमीटर हवा हवी, म्हणजे खोलीतल्या हवेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. बाहेरून नवी हवा आली नाही तर प्राणवायू उतरत जातो आणि ज्योत अर्धवट जळायला लागते. अर्धवट जळलेल्या गॅसचा तोच कार्बन मोनॉक्साइड होतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. माणसाला वाटतं, गरम पाण्याने चक्कर आली असेल. आतून कडी लावलेली असते.

सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम घाण वास घातलेला असतो, म्हणून गळती कळते. त्याच वासावर आपण इतके निर्धास्त झालोय की वास नाही म्हणजे धोका नाही असं वाटतं. गॅस जळला की वासही जळून जातो. मागे राहतं त्याला वास नसतो.

सवड काढून मी खालच्या गिझरचं पुढचं झाकण काढलं. नॉब ओढून काढायचे, खालचे दोन स्क्रू सोडायचे, पत्रा वर उचलायचा. आत तांब्याच्या पट्ट्यांचा जो कंगवा असतो, ज्याच्या फटींतून जळका गॅस वर जातो, त्यातल्या अर्ध्याहून जास्त फटी काजळीने बुजलेल्या होत्या. बोट फिरवलं तर बोट काळं. खाली बर्नरच्या दोन रांगांवर कोळ्याचं जाळं आणि धूळ. पाणी सोडून पेटवून बघितला. एका बाजूची ज्योत निळी, बसकी, बरोबर. दुसऱ्या बाजूची उंच, लवलवती, टोकाला पिवळी, आणि ती पिवळी टोकं थेट त्या बुजलेल्या पट्ट्यांना चाटत होती. मिस्त्री ज्या तांब्याचं कौतुक करत होता ते तांबं खरंच चांगलं होतं, कुठे भोक नाही, गळती नाही. पण पट्ट्या बुजल्या म्हणून हवा ओढली जात नव्हती, हवा कमी म्हणून ज्योत पिवळी, ज्योत पिवळी म्हणून आणखी काजळी. डायफ्राम बदलून यातलं काही सुधारलं नसतं. पाणी मात्र छान आलं असतं.

मग वर बघितलं. दाराच्या वर एक झरोका आहे, फूटभर रुंद, तिरक्या काचांचा. तो आतून बंद. थंडीचं वारं येतं आणि डास येतात म्हणून कुणीतरी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा मापात कापून बसवला होता, कडेने चिकटपट्टी लावून, इतका नीटनेटका की काढताना वाईट वाटावं. आमच्या गल्लीत मी नंतर सहज बघत गेलो. कुठे पुठ्ठा, कुठे प्लास्टिकचा कागद, एका घरी तर झरोक्यात शाम्पूच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. बेळगावची थंडी ही अशी. झरोका बुजवला जातो तो नेमका त्याच महिन्यांत, जेव्हा गिझर सगळ्यात जास्त वेळ चालतो. आणि दिवाळीच्या पहाटे तर घरातली सगळी माणसं पाठोपाठ न्हातात. मधे दार उघडं ठेवायला सवड कुणाला?

वरच्या मजल्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. भाडेकरूंची तक्रार होती, ‘मामा, बिसी नीर बरंगिल्ल,’ म्हणजे गरम पाणी येत नाही. गिझर नवा, पण मधेच बंद पडायचा. दार उघडून थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. त्यांनी परस्पर एक मेकॅनिक आणला होता. मी वर गेलो तेव्हा तो म्हणत होता, ‘सेन्सर लूज हाय, काढून डायरेक्ट करून देतो, मग बंद पडायचा नाही.’ त्या गिझरमध्ये खोलीतला प्राणवायू कमी झाला की गॅस तोडणारा सेन्सर होता. तो बिघडलेला नव्हता. त्या न्हाणीला खिडकी जिन्याच्या बाजूला, आणि जिना वरून पत्र्याने बंद केलेला. म्हणजे सेन्सर त्याचं काम इमानाने करत होता आणि आम्ही त्याचीच मुंडी मुरगाळायला निघालो होतो. मी मेकॅनिकला चहा पाजला आणि परत पाठवला. चांगला कारागीर होता, हात चलाख. पण ‘डायरेक्ट करणे’ हा आपल्याकडे दुरुस्तीचा एक प्रकारच होऊन बसलाय आणि गिऱ्हाईकही त्याच्यावरच खूश असतं.

तर आमच्या घरात नवा गिझर जुन्यापेक्षा आधी काढण्यासारखा निघाला. वर्षं मोजून हे कधी कळलं नसतं.

आता पैशाचं, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. १८ लिटरची बादली, पाणी साधारण २० अंशांनी तापवायचं, तर गॅसवर ४० ग्रॅमच्या आसपास एलपीजी लागतो. १४.२ किलोचा सिलिंडर नऊशे रुपयांना धरला तर बादली अडीच रुपयांना पडते. तेच पाणी विजेच्या गिझरवर तापवायला, टाकीतून वाया जाणारी थोडी उष्णता धरून, अर्धा युनिट लागतो. युनिटला सहा रुपये धरले तर बादली तीन रुपये. आठ आण्यांचा फरक. घरात पाच बादल्या लागत असतील तर महिन्याला पंचाहत्तर रुपये. यासाठी कुणी जीव धोक्यात घालेल असं वाटत नाही.

पण खरी मेख गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत आहे, आणि ती या भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. २०२३ च्या ऑगस्टपासून शून्य बिल यायला लागलं. २०० युनिटांपर्यंत फुकट असं आपण बोलतो, पण तसं ते नाही. फार कमी वापराची घरं सोडली तर २०२२-२३ मधली तुमची मासिक सरासरी आणि तिच्यावर दहा टक्के, एवढंच फुकट. त्यावरच्या युनिटांचे पैसे भरायचे आणि २०० ओलांडले की अख्खं बिल भरायचं. सरासरी ११० असलेल्या घराला १२१ फुकट. विजेच्या गिझरने महिन्याला ७५ युनिट वाढले तर वापर १८५ वर जातो आणि ६४ युनिटांचे पैसे पडतात, पावणेचारशे-चारशे रुपये. तेवढ्याच बादल्यांना गॅसही पावणेचारशेचाच जातो! म्हणजे २०० च्या आत राहणाऱ्या घराला नुकसान जवळपास नाही. पण दिवाळीत पाहुणे आले, इस्त्री-मिक्सर वाढलं आणि काटा २०५ वर गेला, तर त्या महिन्याला बाराशेच्या पुढचं बिल हातात. आमच्या शेजारी विजेचा गिझर भिंतीवर नुसता टांगलेला आहे तो या भीतीने, आणि आत गॅसचा चालू. मी त्यांना दोष देत नाही. सरकारने दिलेलं कुणी सोडत नाही. फक्त हिशेब कागदावर मांडून बघा म्हणतो, कारण पुष्कळ घरांत ही भीती न मोजता धरलेली आहे.

विजेचा घ्यायचा तर घरातलं वायरिंग आधी बघा. झटपट पाणी देणारा ३ किलोवॅटचा असेल तर तो १३ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड वायर, धड अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर हवाच. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत अर्थिंग म्हणजे पुष्कळदा सॉकेटमध्ये तिसरं भोक असतं, एवढंच. १५ लिटर टाकीचा २ किलोवॅटचा घेतला तर वायरिंगवर भार कमी, पण वीस-पंचवीस मिनिटं आधी बटण दाबायला लागतं. आणि वीज गेली की गार पाणी. पावसाळ्यात आपल्याकडे ती कशी जाते ते मी सांगायला नको. गॅसच्या गिझरला दोन सेल पुरतात, हे त्याचं मोठेपण मान्य केलं पाहिजे.

सोलरवाले भेटतातच. ज्यांच्या घरावर स्लॅब आहे, सावली नाही आणि हातात एकरकमी पैसा आहे त्यांनी जरूर घ्यावा. दिवाळीपासून मेपर्यंत पाणी कढत येतं. जूनपासून पुढचे तीन-चार महिने मात्र इथलं आभाळ त्याला फारसं काम करू देत नाही, खानापूरकडे तर विचारूच नका, म्हणजे दुसरी सोय हवीच. कौलारू घरांचा प्रश्न वेगळा. मंगलोरी कौलांवर पाण्याने भरलेली टाकी कोण चढवणार?

शहरात काही भागांत आता पाइपचा गॅस आलाय. ज्यांच्या दारापर्यंत तो यायचा आहे त्यांनी नवा गॅस गिझर घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी. सिलिंडरच्या गॅसचा गिझर पाइपच्या गॅसवर तसाच चालत नाही. दोन्हींचा दाब वेगळा, ज्योतीच्या नळीचं भोक वेगळं. कंपनीकडून बदलून मिळतं का, ते बिलावर लिहून घ्या. रस्त्यावरच्या माणसाकडून भोक मोठं करून घेऊ नका.

आमचं काय झालं ते सांगतो. वरच्या मजल्याला मोकळी भिंतच नाही, त्यामुळे तिथला गॅस गिझर काढला आणि टाकीचा विजेचा बसवला, त्यांच्या मीटरवर. नवरा-बायको दोघंच, युनिट फार वाढत नाहीत. खाली परसू आहे, म्हणून गॅसचाच ठेवला, पण नवा, आणि न्हाणीच्या बाहेर. विहिरीकडच्या कोपऱ्यात, जिथे पश्चिमेचा वारा-पाऊस थेट मारत नाही, तिथे भिंतीवर. वर पत्र्याचं छप्पर, पण गिझरच्या डोक्यापासून चांगलं दोन फूट वर, म्हणजे धुराला अडवणार नाही. आत फक्त गरम पाण्याची नळी जाते. सिलिंडर शेजारीच जमिनीवर उभा, खड्ड्यात किंवा जिन्याखाली नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. मिस्त्री स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला टी जोडून न्हाणीपर्यंत लांब रबरी नळी ओढायला तयार होता. ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि पाच वर्षांनी बदलावी, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. न्हाणीच्या दाराला बाहेरून उघडता येईल अशी कडी लावून घेतली; सून म्हणाली हे पहिलंच काम शहाणपणाचं झालं. सौ.चा बंब परसात आहेच. त्याला स्वतःचं धुराडं आहे, आणि ते उघड्यावर, त्यामुळे माझा काही आक्षेप नाही.

ज्यांना आत्ता काहीच बदलणं परवडणार नाही त्यांना एवढंच. झरोका मोकळा करा, पाणी आधी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा आणि मग आत जाऊन दार लावा. चालू गिझरखाली शॉवर घेत उभं राहणं बंद. ज्योत पिवळी दिसली, भिंतीवर किंवा डब्याच्या वरच्या जाळीवर काळं दिसलं, की तो एक दिवसही वापरायचा नाही. कुणी आत चक्कर येऊन पडलंच तर पाणी मारत बसू नका. आधी मोकळ्या हवेवर आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना गॅस गिझर चालू होता हे न विसरता सांगा, म्हणजे ते प्राणवायू लावायला उशीर करणार नाहीत. साध्या वासाच्या गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे.

जुन्या गिझरचं काय करायचं, हाही प्रश्न होता. सूट सोडली. कारण एक्सचेंजमध्ये दिलेले असे डबे पुसून-पासून पुन्हा विकले जातात आणि ते कुठे लागतात हे थोडं हिंडलं की दिसतं. टिळकवाडी, हिंदवाडी, नेहरूनगर भागात कॉलेजची पोरं-पोरी खोल्या घेऊन राहतात. जिन्याखाली काढलेली न्हाणी, खिडकी नाही, भिंतीवर चौथ्या हाताचा गिझर, आणि सकाळी आठ जण रांगेत. म्हणून बर्नर हातोडीने चेपला आणि मगच डबा भंगारवाल्याला दिला. तांबं वजनावर गेलं. भाव बरा मिळाला.

आता दोन मागण्या, त्या तुमच्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोचाव्यात.

पहिली गॅस एजन्सींना. दर पाच वर्षांनी घरातल्या गॅस जोडणीची सक्तीची तपासणी असते. आमच्याकडे आलेला माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून नळीकडे बघून, फी घेऊन, सही करून गेला. न्हाणीत गॅसवर चालणारं आणखी एक उपकरण आहे का, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. फॉर्ममध्ये एक ओळ वाढवायला खर्च येत नाही. गिझर आहे का, कुठे आहे, झरोका उघडा आहे का, एवढं बघून लिहावं. सोबत एक पानाची सूचना द्यावी, कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्ही. नव्या गिझरच्या खोक्यात मिळालेलं पुस्तक सगळं इंग्रजीत होतं. बंद खोलीत वापरू नका हे वाक्य त्यात सातव्या पानावर बारीक अक्षरांत आहे आणि तो बसवायला आलेल्या माणसाने ते पुस्तक खोक्यातून बाहेरही काढलं नव्हतं.

दुसरी महापालिकेला. भाड्याने खोल्या आणि पीजी चालवणाऱ्या इमारतींची पाहणी करताना न्हाणीघराला बाहेरच्या हवेकडे उघडणारा झरोका नसेल, तर तिथे गॅस गिझर लावायला साफ मनाई करावी आणि असलेले काढायला मुदत द्यावी. विजेचं बिल वाढेल म्हणून घरमालक कुरकुरतील. मीही घरमालक आहे. वरच्या मजल्याच्या गिझरचे आणि वायरिंगचे पैसे मी भरले, भाडं वाढवलं नाही. सहामाही परीक्षा संपून सुट्टीला गेलेली पोरं परत यायच्या आत ही पाहणी व्हावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त फौंड्री कामगार,
अनगोळ, बेळगाव